ओकच्या झाडीतले वरंबे

मिशिगनमधल्या आपल्या लोकांत पंडित खोब्रागडे यांची ओळख एकच, हॉल बुक करणारे काका. बुद्धपौर्णिमा जवळ आली, चौदा एप्रिल जवळ आला, की ट्रॉयपासून ॲन आर्बरपर्यंतच्या घरांतून त्यांना फोन सुरू व्हायचे, "काका, हॉलचं काय झालं?" या माणसानं गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत उभी हयात घालवली, दोन मुलं शिकवून क्युपर्टिनोला धाडली, नव्यानं आलेल्या कितीतरी पोरांना पहिला महिना आपल्या घरात ठेवून घेतलं. त्याचं कुणाला काही नाही. हॉल मिळाला की काका चांगले, नाही मिळाला की काकांचं आता वय झालं.

आणि हॉल म्हणजे तरी काय! कधी शाळेचं कँटीन, कधी चर्चचं तळघर. बाबासाहेबांची तसबीर पिझ्झाच्या वासात उभी करायची, बुद्धमूर्तीमागचा बास्केटबॉलचा फळा पांढऱ्या चादरीनं झाकायचा, आणि वेळ संपली की टेबलं पुसून किल्ली परत द्यायची. काकांना याची लाज वाटायची, पण ते ती दाखवत नसत. त्यांची बायको विशाखा कॅन्सरनं गेली तेव्हा मात्र त्या लाजेचा राग झाला. शिकागोहून निघालेले भंतेजी बर्फात अडकून उशिरा पोचले, आणि फ्युनरल होमचा मॅनेजर दारात उभा राहून घड्याळाकडे बघत राहिला. पुढच्या मयताची माणसं बाहेर येऊन थांबली होती. पाठ अर्ध्यावर आवरावा लागला. जन्मभर साथ दिलेल्या बाईला निरोपसुद्धा भाड्याच्या वेळेत द्यावा लागला, हे काकांच्या काळजातून गेलं नाही. त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. आपली जागा, आपला विहार, आणि दारात घड्याळ बघणारा कुणी नाही.

जागा मिळाली. ॲन आर्बरच्या पश्चिमेला एका म्हाताऱ्या गोऱ्या शेतकऱ्याची जमीन होती. तो वारला आणि मुलांनी ती विकायला काढली. पुढं मोकळं गवताळ रान, मागं ओकची जुनी झाडी. त्या शेतकऱ्याचा मुलगा सही करताना म्हणाला होता, की बापानं त्या झाडीत कधी कुऱ्हाडसुद्धा घालू दिली नाही, का ते त्यालाच ठाऊक. काकांनी मान डोलावली आणि विसरून गेले. त्यांचं लक्ष पुढच्या मोकळ्या रानाकडे होतं, तिथं विहार उभा राहणार होता.

झाडीकडे लक्ष गेलं ते हर्षिताचं. हर्षिता म्हणजे बुद्धभूषण गजभियेची मुलगी. चार वर्षांची असताना नागपुरातून आली, इथंच वाढली, शाळेत पहिली यायची, सगळ्यांनी तिला मनातल्या मनात डॉक्टर करून टाकलं होतं, आणि ही बया ॲन आर्बरला पुरातत्त्वात पीएच.डी. करायला बसली. "एवढी हुशार पोर, आणि खड्डे खणायला गेली," असं आपल्या बायका पोळ्या लाटताना म्हणायच्या. जागा घेतल्याचं कळल्यावर तिनंच काकांना फोन केला, सरकारनं विमानातून लेझर मारून केलेल्या नकाशात तिला त्या झाडीत काहीतरी दिसलं होतं. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी दोघं झाडीत शिरली. ऊन तिरकं पडलं होतं, आणि त्या तिरक्या उन्हात पायाखालची जमीन उठून दिसली. एकामागं एक, एकमेकींना समांतर, पोटरीएवढ्या उंचीच्या मातीच्या लांब ओळी ओकच्या बुंध्यांमधून पार आतवर गेल्या होत्या.

"काका, त्याच्यावर पाय नका ठेवू. सॉरी, म्हणजे, इकडून या."

"अगं, हे तर वरंबे आहेत," काका म्हणाले. "सरी-वरंबा. माझा बाप दुसऱ्याच्या रानात जन्मभर हेच ओढत होता."

"एक्झॅक्टली! वरंबे!" हर्षिताचे डोळे भरून आले होते. "ही शेती आहे, काका. सात-आठशे वर्षांपूर्वीची. कोलंबसचा पत्ता नव्हता तेव्हा इथल्या लोकांनी मका लावला, बीन्स, भोपळे. मिशिगनमध्ये असे किती होते, गोऱ्यांनी नांगर घातला आणि ऑलमोस्ट सगळे गेले. ही झाडी कुणी तोडली नाही म्हणून हे राहिले."

"मग आता आमचं बांधकाम अडणार?" काकांचा पहिला प्रश्न.

"नाही ना! विहार पुढे मोकळ्यात आहे, तुमचं काहीच अडत नाही. त्यांची माणसं अजून आहेत, काका. ट्राइबच्या हेरिटेज ऑफिसला मी तो नकाशा मेल केलाय, स्प्रिंगमध्ये ते बघायला येतील. तोपर्यंत इथं कुणी हात लावायचा नाही. दॅट्स ऑल. कायदा काही नाही, प्रायव्हेट लँड आहे. म्हणून तुम्हाला रिक्वेस्ट करतेय." मग म्हणाली, "आपला इतिहास पुसला म्हणून आपण दरवर्षी भाषणं करतो ना?"

"शब्द दिला, बाळा," काका म्हणाले. "एक ढेकूळ हलणार नाही."

शब्द त्यांनी मनापासून दिला. तो पाळायचा तर सगळ्यांना खरं काय ते सांगायला हवं होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. परत येताना गाडी चालवता चालवता त्यांच्या डोळ्यांपुढं विहार समितीची बैठक उभी राहिली. अध्यक्ष हेमचंद्र, ट्रॉयला आयटीत मॅनेजर, शंका काढण्यात पटाईत. 'ट्राइब' म्हटलं की तो वकील म्हणणार, वकील म्हटलं की निम्मी घरं वर्गणी परत मागणार, आणि पुन्हा शाळेचं कँटीन. त्यातून काकांच्या मनात आणखीही एक जुनं काटेरी काहीतरी होतं. वरोऱ्याजवळच्या त्यांच्या खेड्यात आजोबाकडे कोतवालकी होती. धुऱ्याचं, शेताच्या बांधाचं भांडण निघालं की पाटील आजोबाला बोलवायचा, शीव कुठून जाते ते आजोबा चालून दाखवायचा, आणि त्याचा शब्द दोन्ही बाजू मानायच्या. मानायच्या, आणि मग त्याला पाणी वरून ओतायच्या. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आजोबानं ते काम लाथाडलं. 'लोकांच्या जमिनीच्या खुणा राखायचं काम आम्ही कधीच सोडलं,' काका स्टिअरिंगवर हात आपटून स्वतःशीच म्हणाले, 'आता इथं येऊन ते पुन्हा गळ्यात घेऊ?' शब्द देऊन तासही झाला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून त्यांनी बैठकीत फक्त एवढंच सांगितलं, "मागच्या झाडीत कुणी जायचं नाही. टिक्स आहेत."

युक्ती नामी होती. अमेरिकेतल्या मराठी आईबापांना वाघ दाखवा, ते पोरांना पुढं उभं करून फोटो काढतील. पण टिक म्हणा, गोचीड चावून पोराला लाइमचा आजार होईल म्हणा, की पोरं गाडीत आणि काचा वर. झाडीकडं कुणी फिरकलं नाही. काकांनी हर्षिताला कळवलं, "काळजी करू नको, मी बंदोबस्त केलाय." ती बिचारी म्हणाली, "थँक यू काका, यू आर द बेस्ट."

नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आधी, श्रमदानाचा रविवार ठरला. रानातली जुनी तार काढायची, झुडपं तोडायची, दगड वेचायचे. चाळीसेक माणसं आली. सकाळी त्रिसरण-पंचशील झालं, कुणी नागपुरी तर्रीपोहे आणले होते, पोरं पळत होती, निळे झेंडे लागले होते. आपल्या जमिनीवर आपण राबतोय, या आनंदानं काकांचा ऊर भरून आला. शहाण्यासुरत्या माणसांचं डोकं अशाच दिवशी फिरतं.

हर्षिता त्या दिवशी कसल्याशा परिषदेला दुसऱ्या राज्यात गेली होती. जेवण झाल्यावर प्रणिता झाडीत शिरली. ही यवतमाळची, इथं फार्मासिस्ट, आणि घरामागच्या वाफ्यांवर पोटच्या पोरांसारखा जीव. हेमचंद्रनंच तिला सांगितलं होतं, "एवढी थंडी पडली, आता कसले टिक्स!" थोड्या वेळानं ती ओरडतच बाहेर आली, ओंजळीत माती घेऊन.

"काका! अहो बघा तरी! अगदी आपली काळी!"

एक ओक उन्मळून पडला होता, त्याच्या मुळांनी एक वरंबा फाडला होता, आणि आतून ही माती निघाली होती. काळीभोर, भुसभुशीत, हाताला लोण्यासारखी. मिशिगनची पिवळी चिकणमाती वर्षानुवर्षं तुडवून कंटाळलेली माणसं ती. वर्ध्याचा एक जण, हिंगणघाटची एक बाई, वणीचं एक जोडपं. सगळ्यांनी माती हातात घेतली, वास घेतला. वणीच्या बाईनं पदर नसताना पदर शोधल्यासारखा हात डोळ्यांना नेला. आणि मग कुणीतरी म्हणालं, "यार, एक बादली घरी न्यायची का?"

याच घडीला बोलायचं होतं. काकांना ते पक्कं कळत होतं. पण आता बोलायचं म्हणजे गोचिडीचं खोटं कबूल करायचं, चाळीस माणसांसमोर, पोरांसमोर, निळ्या झेंड्याखाली. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. एवढ्यावर थांबले असते तरी भित्रे म्हणून सुटले असते. हेमचंद्रनं फावडं त्यांच्यापुढं धरलं. "काका, पहिला मान तुमचा. काकूंच्या कढीपत्त्यासाठी घ्या."

विशाखाचा कढीपत्ता. हिवाळाभर घरात, उन्हाळाभर अंगणात, जन्मात कधी धड वाढला नाही. 'याला माती मानवत नाही हो,' असं ती दरवर्षी म्हणायची. काकांनी फावडं घेतलं आणि वरंब्यात घातलं. पाऊल टाकायलाही जिथं पोरीनं अडवलं होतं तिथं फावडं आरपार गेलं. त्यांना त्या क्षणी बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि हेच पुढं त्यांना सगळ्यात जास्त छळत राहिलं.

काकांनी घेतली म्हटल्यावर मग कोण ऐकतंय! रंगाचे रिकामे डबे आले, बादल्या आल्या, डिकीत कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंथरून त्यात माती भरली गेली. मधूनमधून खापरं निघत होती, बोटभर, कडेला दोरी दाबल्यासारखी नक्षी असलेली. "कौलाचे तुकडे दिसतात," म्हणून ती बाजूला भिरकावली गेली. कुणाच्या मनात पाप नव्हतं. माणसं हसत होती, गाणी म्हणत होती, एकमेकांच्या गाड्या भरायला मदत करत होती. उन्हं कलली तेव्हा उन्मळलेल्या ओकभोवतीचे वरंबे संपले होते आणि बाकीचे तुडवून, उकरून खड्ड्यांचं रान झालं होतं. ज्या शेतीला सात-आठशे वर्षं कुणी धक्का लावला नाही, ती आपल्या माणसांनी मायेनं उचलून भाजीच्या वाफ्यांत नेऊन घातली.

हर्षिताला ते व्हॉट्सॲपवर कळलं. बादल्या घेतलेली हसरी माणसं, मधोमध फावडं धरलेले काका, आणि खाली प्रणितानं लिहिलेलं, 'आपली माती'. तिनं फोन केला तेव्हा काका म्हणाले, "अगं, दोन-चार बादल्या गेल्या असतील." ती विमानतळावरून थेट तिथं गेली. संध्याकाळी पुन्हा फोन आला.

"काका, तुम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं?"

"सांगणार होतो, बाळा."

"टिक्स? तुम्ही टिक्स सांगितलं?"

ती रडली नाही, ओरडली नाही. काकांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी काकांनी प्रणिताला सांगून ग्रुपवरचे फोटो काढून टाकायला लावले. "परमिटचं काम चालू आहे, उगाच फोटो नकोत," एवढंच कारण दिलं. तिनंही विचारलं नाही. काकांचा शब्द म्हटल्यावर कोण विचारतं!

एप्रिलात ट्राइबच्या ऑफिसातून लॉरेन नावाची बाई आली. पन्नाशीची, चिखलाचे बूट, गाडीभर कागद, त्या आठवड्यात तिला असल्या आणखी दोन जागा बघायच्या होत्या. हर्षिता तिच्याबरोबर होती, आणि जागेच्या मालकांतर्फे काका. बर्फ नुकतंच वितळलं होतं, खड्ड्यांत पाणी साचलं होतं. लॉरेन सगळ्या खड्ड्यांमधून फिरून आली. मग खाली बसून तिनं एका खड्ड्याच्या कडेची माती बोटांनी चाचपली आणि म्हणाली, की ही माती इथली नव्हेच, माणसांनी केलेली आहे. पलीकडच्या दलदलीतून गाळ वाहून आणायचा, चुलीतली राख घालायची, असं आमच्या बायकांनी किती पिढ्या केलं असेल. तिच्या आवाजात राग नव्हता. सवय झालेल्या माणसाचा आवाज होता तो.

"हे कुणी खणलं?" तिनं काकांना विचारलं.

काका घरून ठरवून निघाले होते, खरं सांगायचं. चूक झाली म्हणायचं, हात जोडायचे. पण पुढच्या रानात विहाराच्या पायाच्या खुंट्या ठोकल्या होत्या, त्या झाडांमधून दिसत होत्या. आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "आधीच्या मालकानं असावं. आम्ही घेतली तेव्हा अशीच होती."

जन्मभर त्या झाडीत कुऱ्हाड न घालू दिलेला तो म्हातारा. मेलेल्या माणसावर काही घाला, तो उठून बोलत नाही.

लॉरेन हर्षिताकडे वळली. "तू पानगळीत पहिल्यांदा आलीस, तेव्हाही असंच होतं?"

हर्षितानं काकांकडे पाहिलं. लहानपणी तिला सायकल शिकवणारे, तिच्या बापाची नोकरी गेली तेव्हा तिघांना आपल्या घरात ठेवून घेणारे काका. त्यांनी मान खाली घातली नाही, नजर चुकवली नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात विनवणी होती. ती त्यांनी लपवलीही नाही.

"हो," हर्षिता म्हणाली. "असंच होतं."

लॉरेननं मान डोलावली. निघताना तिनं काकांचा हात हातात घेतला. "निदान तुम्ही आम्हाला बोलावलंत," ती म्हणाली. "इतकंही कुणी करत नाही. थँक यू." काकांनी तो हात हलवला आणि 'यू आर वेलकम' म्हटलं.

तिची गाडी गेल्यावर काका म्हणाले, "बाळा, तुझे उपकार..."

"तुमच्यासाठी नाही केलं, काका." हर्षिता खड्ड्यांकडे बघत होती. "उद्या हे बाहेर आलं असतं तर कुणी म्हणालं नसतं, पंडित खोब्रागडेंनी केलं. 'हे बुद्धिस्ट लोक', 'हे इंडियन्स', असं म्हणाले असते. आणि इंडियामधले आपले शेजारी आपल्या जातीवरून काय म्हणाले असते ते तर तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला माहीत होतं मी हेच करणार. म्हणून बघत होतात ना माझ्याकडे?"

काकांनी कबूल केल्यासारखी मान हलवली.

"आता या जागेवर मी एक ओळ लिहू शकत नाही. जे लिहीन ते खोटं असेल." एवढं बोलून ती गाडीत बसली. जय भीम म्हणाली, कारण ते न म्हणायची तिला सवय नव्हती.

मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेला, मोकळ्या रानात मंडप घालून विहाराची कोनशिला बसली. पहिल्यांदाच किल्ली परत द्यायची घाई नव्हती. हेमचंद्रनं भाषण केलं, काकांना शाल दिली, आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोक वंदना संपल्यावरही कितीतरी वेळ गवतात बसून होते. प्रणितानं घरच्या वाफ्यांतल्या मेथीच्या जुड्या आणल्या होत्या, ती सगळ्यांना वाटत होती. एक जुडी तिनं काकांच्या हातात दिली. ती हातात धरून काका उभे होते, तेव्हा बुद्धभूषण त्यांच्याजवळ आला. हर्षिता आली नव्हती.

"काका, एक काम होतं," तो म्हणाला. "पोरीनं सगळा विषय सोडून दिलाय. दोन वर्षांचं काम. कारण विचारलं तर बोलत नाही, गाईडशीही बोलत नाही, परवा म्हणाली युनिव्हर्सिटीच सोडते. तिची आई रडून रडून आजारी पडली. तुम्ही एकदा समजावता का तिला? आमचं नाही ऐकत ती. पण तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही."

"बोलतो," पंडितकाका म्हणाले.

बुद्धभूषणनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. काकांनी त्याला अडवलं नाही.